खालच्या खोलीचा पालट

चिमीने डबी दप्तरात ठेवली नव्हती. काठोकाठ भरलेला पेला आणावा तशी ती दोन्ही हातांत धरून शाळेपासून चालत आली आणि उंबऱ्यावरच थांबून म्हणाली, "आई, हिला धक्का लावायचा नाही. झाकण उघडायचं नाही. आणि आजपासून खिडक्या बंद."

चिमीची आई, घरातली धाकटी सून, स्टोव्हजवळ बसली होती. फरशीला पॉलिश करण्याच्या कामावरून आल्यावर तिची बोटं सरळ होत नसत. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ती बसून राहायची, मग भेगांतला राखाडी गाळ हळूहळू सुटायचा. तिने हात न काढताच विचारलं, "काय आहे ते?"

"रेडॉन मोजायची डबी. बाईंनी दिली. आपल्या गल्लीत एकच आली, ती मी मागून घेतली."

खाटेवरून सासूने मान वर केली. "खायचं असतं का काही?"

"नाही गं आजी. ऐक. डोंगराच्या दगडातून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. उघड्यावर निघाला तर वाऱ्याने उडून जातो. पण घराखाली निघाला तर फरशीच्या फटींतून आत येतो आणि खोलीत साठतो. वरच्या खोलीत कमी, खालच्या खोलीत जास्त."

"दिसत नाही म्हणतेस, आणि मोजणार कसा?"

"डबीत एक पट्टी आहे. वायू तिच्यावर बारीक बारीक ओरखडे पाडतो. मांजर दिसलं नाही तरी दारावर त्याची नखं दिसतात ना, तसं. मग प्रयोगशाळेत ते ओरखडे मोजतात."

"मांजर पाळलं असतं तर उंदीर तरी धरले असते," सासू म्हणाली. "हे नुसतंच ओरखडतंय."

चिमी हसली नाही. डबी खिळ्याला टांगत, आईकडे पाठ करून ती म्हणाली, "वर्षानुवर्षं तो वायू छातीत गेला तर छाती बिघडते. कधीच सिगारेट न ओढणाऱ्याचीसुद्धा. हे बाईंनी दोनदा सांगितलं."

पातेल्यातलं पाणी हलायचं थांबलं.

गल्ली डोंगराच्या उतारावर होती. प्रत्येक घराला वरची खोली आणि खालची खोली. वरच्या खोलीचं दार वरच्या रस्त्यावर उघडायचं, तिला ऊन लागायचं. खालची खोली अर्धी डोंगरात घुसलेली, तिची मागची भिंत म्हणजे डोंगरच. दोन भाऊ वेगळे झाले की एकाला वरची मिळायची, एकाला खालची, आणि दर पाच वर्षांनी दोघांनी सामान उचलून जागा बदलायच्या, अशी गल्लीची जुनी रीत होती. त्याला पालट म्हणत. कोणाच्याच वाट्याला जन्मभर खालची खोली येऊ नये, म्हणून ही रीत. पालट टाळणाऱ्याला गल्ली तोंडावर काही बोलत नसे, पण त्याच्याकडे पाणी मागतानाही लोक 'वरचे' म्हणून हाक मारत.

धाकटीचा थोरला दीर वरच राहिला होता. तो फरशी बसवणारा मिस्त्री. गल्लीतली एकूण एक फरशी त्याच्या हाताखालून गेलेली. पहिला पालट आला तेव्हा म्हणाला, बायकोचे गुडघे दुखतात, थंडीत ती खाली कशी राहील? दुसरा आला तेव्हा धाकटा भाऊ आजारी पडला होता. "आजारी माणसाला जिने चढायला लावू का?" असं मिस्त्री चारचौघांत म्हणाला, आणि चारचौघांनी त्याच्या मनाच्या मोठेपणाला माना डोलावल्या. धाकटा खालीच झिजला आणि खालीच गेला.

धाकट्याला गल्ली 'शिट्टी' म्हणायची. फरशीला पाणी मारताना, गाळ ओढताना, घरी येताना, त्याच्या तोंडात शिट्टी असायची. तो वळणावर आला की सासू म्हणायची, आला गं, भात उतरव. मग शिट्टी मधेच तुटायला लागली. मग खोकला, मग दवाखाना. डॉक्टरने विचारलं, "दिवसाला किती ओढता?" तो म्हणाला, "एकही नाही." डॉक्टर नाकातून हसला. बाहेर बाकावर मिस्त्री बसला होता. तो परत येऊन गल्लीत म्हणाला, "माझ्या भावाला मीच ओळखत नाही का? चोरून ओढायचा. आता छातीच बोलली, तर लपवणार कुठे?"

झालं. दुकानात, नळावर, कामावर तेच. ज्या बायका शिट्टीच्या हातून बाजारातलं सामान आणवत होत्या त्याच म्हणू लागल्या, बाई गं, वरून किती साधा दिसायचा. धाकटीलाही ते लागलं. ती त्याचे खिसे उलटे करायची. संध्याकाळी तो आला की त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायची. पहिल्यांदा तो हसला. नंतर नंतर तो उंबऱ्यातच थांबून, ती सांगण्याआधीच, तोंड उघडून श्वास सोडायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा.

त्याला पोचवून आल्यावरही मिस्त्रीचं ते वाक्य गल्लीत तसंच फिरत राहिलं. धाकटीला जगात दुसरं काही नको होतं. ते वाक्य ज्याने बाहेर सोडलं, त्याने आपल्या हाताने परत तोंडात घालावं, गल्लीसमोर, एवढंच.

डबी टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री खाली आला. तो सहसा खाली येत नसे. आईला काही द्यायचं असलं तर बायकोला पाठवायचा. खोलीत वाकून शिरला, डबीकडे पाहिलं, मग फरशीकडे. भिंतीलगत बोटभर फट होती. ही त्याच्या वडलांची पद्धत. फरशी भिंतीला चिकटवायची नाही, तिला अंग हलवायला जागा ठेवायची, म्हणजे उन्हाळ्यात ती फुगून तडकत नाही. फटीत वाळू भरायची आणि वर पट्टी मारायची. इथे घाईत ना वाळू भरली होती ना पट्टी मारली होती. मिस्त्रीने बुटाच्या टोकाने फट चाचपली.

"कोणी आणली ही?"

"शाळेतून आलीय, भावजी."

"शाळेत गणित शिकवायचं सोडून आता लोकांची घरं तपासतात का?" तो आईकडे वळला. "आई, उद्या डबीत काही तरी निघालं म्हणजे गल्ली म्हणणार, मिस्त्रीच्या फरशीने माणूस मारला. मग मला काम कोण देईल? हिलाही कोण देईल? माझ्याच हाताखाली आहे ना ही?"

"टांगलीय तर टांगू दे," धाकटी म्हणाली. "तुमच्या फरशीत दोष नसेल तर डबी तुमचंच नाव राखेल."

तो तिच्याकडे बघून हसला. "तू बोलायला लागलीस गं, तो गेल्यापासून."

त्या आठवड्यात तिला कोपरे मिळाले. पॉलिशचं मशीन गोल फिरतं, कोपऱ्यात पोचत नाही. कोपरे हाताने, दगडाने, गुडघ्यांवर बसून घासावे लागतात. एरवी चौघीजणी पाळीपाळीने ते करायच्या. आता मिस्त्री येऊन उभा राहायचा आणि बोट दाखवायचा, "हा कोपरा कोणाचा? शिट्टीच्या बायकोचा. पुन्हा घास." थंडीत पाणी बर्फासारखं. गुडघ्यांखाली पोतं घातलं तर तो पोतं काढायला लावायचा, ओलं पोतं फरशीला डाग देतं म्हणायचा. ती घासायची. दगड झिजला की दुसरा घ्यायची. एकदा मिस्त्रीने फरशी सपाट आहे का ते बघायला पातळीची नळी ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला, तरी म्हणाला, "ठीकठाक." तिने मान खाली घालून उत्तर दिलं, "तुमच्याकडूनच शिकले, भावजी." बाकीच्या तिघी खोकल्याच्या निमित्ताने हसल्या.

घरी सासू कुरकुरू लागली. "दिवसभर अंगात वारं शिरतं गं. मला दुसरी रजई दे."

"खिडक्या बंद आहेत ना, आई?"

"बंदच तर आहेत," म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

मग एक दिवस सिमेंट आलं नाही म्हणून काम दुपारीच सुटलं. मिस्त्री त्याआधीच, ट्रक बघून येतो म्हणून निघून गेला होता. धाकटी गल्लीच्या वळणावर आली आणि थांबली.

खालच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. दारही उघडं. एका खिडकीच्या कट्ट्यावर मिस्त्री बसला होता, पाय बाहेर सोडून, हातात सिगारेट. आत खाटेवर सासू दोन रजया पांघरून गाठोड्यासारखी बसली होती. आरपार वारा वाहत होता, दोरीवर वाळत घातलेलं चिमीचं पोलकं त्या वाऱ्यात नाचत होतं. आणि खिळ्यावरची डबीही हळूहळू हलत होती.

"अरे, पुरे की आता," सासू म्हणत होती.

"थोडा वेळ गं आई. तिला यायला अवकाश आहे. रोजचंच आहे ना आता?"

धाकटीच्या पायांना पुढे जायचं होतं. ओरडायला तोंडही उघडलं होतं. शेजारी सायकलवाल्याचं दुकान होतं, हाक मारली असती तर चार माणसं लगेच जमली असती. पण जमून काय झालं असतं? मिस्त्री म्हणाला असता, आईला गुदमरलं म्हणून खिडकी उघडली. आईने मान डोलावली असती. डबी बदलून दुसरी टांगली असती, तीही त्याने कशी ना कशी बिघडवली असती. ती चार पावलं मागे सरली. भिंतीच्या आडोशाला हात काखेत घालून उभी राहिली आणि थंडीत कुडकुडत विचार करू लागली. डबी आता खोटं बोलणार होती. मिस्त्रीला हवं तेच बोलणार होती. तिच्या मनात आलं, बोलू दे. पोटभर बोलू दे.

मिस्त्री खिडक्या लावून, कड्या सरकवून निघून गेल्यावर ती घरी गेली. सासूने तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. त्या रात्रीपासून झोपताना धाकटीने चिमीच्या उशाशी असलेली खिडकी वीतभर उघडी ठेवायला सुरुवात केली. चिमी म्हणाली, "आई, बंद ठेवायची आहे ना? डबी चुकेल."

"चुकू दे. तू झोप."

थंडी ऐन भरात असताना निकाल आला. बाईंनी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात गल्लीला बोलावलं. खालच्या वस्तीतल्या चार घरांत रेडॉन धोक्याच्या रेषेच्या खूप वर निघाला होता. त्यांना बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, फटी बुजवा, फरशीखालून पाइप काढून पंखा लावा, तोवर खालच्या खोलीत झोपू नका. आता आपल्या गल्लीचं काय, म्हणून सगळे आले होते. सायकलवाल्याची बायको नुकतीच बाळंत झालेली, बाळाला शालीत गुंडाळून पुढे उभी होती. ती खालच्या खोलीत निजायची. बाळंतिणीला वारा नको म्हणून तिच्या खिडक्यांना कागद चिकटवले होते.

बाई म्हणाल्या, "तुमच्या गल्लीतली डबी रेषेच्या बरीच खाली आहे. मला जरा आश्चर्यच वाटलं. खिडक्या नक्की बंद होत्या ना?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"मी तर दिवसभर कामावर असते," धाकटी म्हणाली. "घरी आई असतात. विचारा."

म्हातारीने पदर तोंडावर घेतला. "बंद होत्या," ती म्हणाली.

सायकलवाल्याच्या बायकोने मोठा श्वास सोडला आणि बाळाच्या टाळूला ओठ लावले. धाकटीने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

मिस्त्री पुढे आला. आता त्याला जोर चढला होता. "झालं समाधान? मी काय म्हणत होतो? खोलीत दोष नाही, फरशीत दोष नाही. दोष असतो तो माणसात असतो. मेलेल्याबद्दल बोलू नये, पण तुम्ही उगाच माझ्या घराला बट्टा लावायला निघाला होतात. मी स्वतः त्या खोलीत आनंदाने राहीन!"

"राहाल ना?" धाकटी म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मग पालट करा, भावजी. दोन पालट चुकलेत. एक जाऊबाईंच्या गुडघ्यांनी चुकला, एक माझ्या नवऱ्याच्या आजाराने. आता तो आजारही नाही आणि खोलीही चांगली आहे. सरकारी प्रयोगशाळेने सांगितलंय. तुम्हीही आताच सांगितलंत."

कोणीतरी मागून म्हणालं, "बरोबर आहे. रीत म्हणजे रीत." दुसरा म्हणाला, "मिस्त्री, खोली इतकी छान आहे तर आम्हालाच द्या की!" हशा पिकला.

मिस्त्रीचा चेहरा ती निरखून बघत होती. पाणी मारलेल्या फरशीखालचा डाग जसा हळूहळू वर येतो तसं काही तरी त्याच्या चेहऱ्यावर वर आलं. त्याला 'नाही' म्हणायचं होतं. पण 'का नाही' याचं उत्तर त्याच्याकडे एकच होतं, आणि ते त्याला उच्चारता येत नव्हतं.

"करू की," तो म्हणाला. "त्यात काय? करू."

रविवारी सामान वरखाली झालं. जिन्यावर दोन कुटुंबांच्या गाद्या, पातेली, ट्रंका एकमेकांना घासून गेल्या. जाऊबाई गुडघ्यांवर हात ठेवून एकेक पायरी उतरत होत्या आणि उतरता उतरता धाकटीला म्हणाल्या, "माझ्यावर सूड घेतेस होय गं?"

"तुमच्यावर नाही, जाऊबाई."

सासू कुठे राहणार, हे कोणी विचारलं नाही. ती आपली उशी घेऊन आपणच वर चढली. वरच्या खोलीत दिवसभर ऊन होतं. चिमीने त्या उन्हात पाय पसरले आणि म्हणाली, "इथे काका एवढी वर्षं होते?" धाकटी फरशी बघत होती. इथल्या भिंतीलगतच्या फटीत वाळू ठासून भरलेली होती आणि वर सुबक पट्टी होती.

आता मिस्त्रीचे दिवस सुरू झाले. पहिल्याच रात्री खालच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या राहिल्या. डोंगरावरून वारा असा सुटलेला की नळाचं पाणी गोठायचं, आणि मिस्त्रीच्या घरात पडदे उडत होते. गल्लीने पाहिलं. "काय मिस्त्री, कबुतरं पाळलीत का?" "उन्हाळा लवकर आला वाटतं खाली?" मिस्त्री म्हणायचा, मोकळी हवा बरी असते. दिवसा तो कामावर कमी बोलू लागला. पातळी ठेवायचा आणि बुडबुडा कुठे आहे ते न बघताच उचलायचा. कोपऱ्यावर बोट ठेवण्याआधी त्याची नजर धाकटीच्या नजरेला भिडायची आणि बोट खाली यायचं.

संध्याकाळ झाली की धाकटी जिना उतरून खाली जायची. "भावजी, गारठा किती पडलाय!" म्हणत एक खिडकी लावायची, मग दुसरी. कड्या सरकवायची. कागदाचे बोळे खिडक्यांच्या फटींत कोंबायची. "जाऊबाईंच्या गुडघ्यांना वारा बाधेल." मिस्त्री खाटेवर बसून तिच्या हातांकडे बघायचा. "राहू दे," तो म्हणायचा. "का राहू दे, भावजी?" ती विचारायची आणि थांबायची. मग ती जिना चढून वर यायची आणि अंधारात कान देऊन बसायची. थोड्याच वेळात खाली कडी सरकल्याचा आवाज यायचा. तो ऐकला की तिला गाढ झोप लागायची, किती तरी महिन्यांत लागली नव्हती तशी.

असं रोज चाललं. एके संध्याकाळी ती खाली निघाली तेव्हा सासूने तिचा पदर धरला.

"पुरे कर. तुला कळलंय ते मलाही कळलंय. मी रजईत बसून सगळं पाहिलंय."

"मग बोलला का नाहीत? व्हरांड्यात तुम्हालाच विचारलं होतं."

"काय बोलू? तो मला म्हणाला, आई, माझं काम जाईल, माझं नाव जाईल. आता माझा तोच एक उरलाय गं."

"माझा एकही उरला नाही," धाकटी म्हणाली. तिने पदर सोडवून घेतला आणि खाली गेली.

शेवटी जाऊबाईच कोसळल्या. त्यांना ताप भरला, दात वाजू लागले. सकाळी नळावर अख्खी गल्ली बादल्या घेऊन उभी असताना खालच्या दारातून एक गादी बाहेर आली आणि रस्त्यावर पडली. मागून उशी, मागून रजई. मागून जाऊबाई, केस मोकळे, डोळे लाल.

"मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही!" त्या ओरडल्या. "ही रोज येऊन खिडक्या लावते, हा रोज उठून उघडतो. विचारलं तर सांगत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, थंडीला घाबरणारा माणूस, आणि आता बर्फात झोपतो. का? सांगा सगळ्यांसमोर! एक तर खिडक्या लावून माझ्याशेजारी झोपा, नाही तर खरं सांगा!"

मिस्त्री दारात उभा होता. त्याने वर पाहिलं. वरच्या खोलीच्या कठड्याशी आई उभी होती. तिने पदर तोंडावर घेऊन मान खाली घातली. नळ वाहत राहिला, कोणी बंद केला नाही.

"खिडक्या मी उघडायचो," तो म्हणाला. "डबी होती तेव्हा. ती कामावर गेली की मी येऊन उघडायचो. डबीवरचा आकडा खरा नाही."

"मोठ्याने," धाकटी म्हणाली. ती बादली खाली ठेवून पुढे आली होती. "आणि पुढचं."

"पुढचं काय?"

"दवाखान्यातून आल्यावर इथेच, या नळावर, काय बोलला होतात? ते."

मिस्त्रीने दाराची चौकट धरली. "तो ओढत नव्हता," तो म्हणाला. "मी त्याला ओढताना कधी पाहिला नाही. फटीत वाळू भरायची राहून गेली होती, ते मला ठाऊक होतं. वायूबियूचं मला काही माहीत नव्हतं, आईशपथ. पण खोलीतल्या दमट हवेने झालं असं कोणी म्हणेल, माझ्या फरशीवर येईल, म्हणून मी बोललो. तो ओढत नव्हता."

"आवाज वरच्या रस्त्यापर्यंत जाऊ दे."

"माझा भाऊ ओढत नव्हता!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला.

हेच तिला हवं होतं. थंडीत, गुडघ्यांवर, कोपरे घासताना तिने हे किती वेळा ऐकलं होतं. आता ते खरंच घडलं होतं. ती वाट बघत उभी राहिली, छातीतलं काही तरी मोकळं होईल म्हणून.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," दुकानदार म्हणाला. "शिट्टी आणि सिगारेट? शक्यच नाही."

"बिचारा गाईसारखा गरीब," एक बाई म्हणाली. "मी कधी विश्वास ठेवला नाही बाई."

"मीसुद्धा नाही."

"आम्ही कोणीच नाही."

धाकटी एकेका तोंडाकडे बघत गेली. हीच ती तोंडं. यातलं एकही तेव्हा गप्प बसलं नव्हतं. आणि आता सगळी इतक्या सहज सुटून चालली होती, मिस्त्रीला एकट्याला मधे उभं करून.

गर्दीतून सायकलवाल्याची बायको पुढे आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं होतं. बाकीच्यांसारखी ती मिस्त्रीकडे बघत नव्हती.

"तू कामावर असायचीस," ती धाकटीला म्हणाली. "तुला कळलं कधी?"

बादल्या उचलून निघालेले लोक वळले.

"डबी खिळ्यावर होती तेव्हाच," धाकटी म्हणाली. "वळणावरून पाहिलं."

"आणि व्हरांड्यात बाईंनी आकडा वाचला, तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

"मी बाळाला घेऊन रोज खाली झोपतेय. खिडक्यांना कागद लावून. तू रोज आमच्या दारावरून जातेस. परवा त्याला मांडीवर घेतलंस तू."

धाकटीने उत्तर शोधलं. उत्तर होतं तिच्याकडे. तुझी सासू माझ्या नवऱ्याला काय म्हणाली होती, तू कशी हसली होतीस, ते सगळं तिला शब्दन् शब्द पाठ होतं. ते तिच्या तोंडाशी आलं.

"तुम्ही सगळे त्याला हसलात," ती म्हणाली.

"हा हसला होता का?" सायकलवाल्याच्या बायकोने विचारलं, आणि शाल बाजूला करून बाळाचं तोंड दाखवलं. झोपेत त्याचे ओठ हलत होते.

मागे कोणीतरी धावत घरात गेलं. मग दुसरं. खिळखिळ्या कड्या ठोकल्याचे, थंडीने चिकटलेल्या खिडक्या लाथा मारून उघडल्याचे आवाज गल्लीभर येऊ लागले. सायकलवाला आपल्या खिडक्यांवरचे कागद टराटरा फाडत होता. मिस्त्री तसाच दारात उभा होता, पण आता त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"वर आण त्याला," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे ऊन आहे. फटी बुजवायचं काम होईपर्यंत तुम्ही वरच राहा. आम्ही कुठेही झोपू."

सायकलवाल्याची बायको जागची हलली नाही. तिने बाळाला शालीत घट्ट गुंडाळलं आणि पाठ फिरवून, वाऱ्याकडे पाठ होईल अशी, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. धाकटी जिन्याच्या पहिल्या पायरीवर, जिन्याचं दार उघडं धरून, ती येईल म्हणून थांबली.